अग्निशामकांची सुरक्षा साधनं आणि सरकारी नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अग्निशमन दलात नव्याने भरती झालेली मुलं-मुली, त्यांच्या घरची माणसं, नगरपरिषदेत खरेदीची फाईल हाताळणारे कर्मचारी, कारखान्यांतले सेफ्टी ऑफिसर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर महाराष्ट्रावर आहे. गोव्याची किंवा परदेशातली पद्धत जिथे वेगळी आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

१. फायरमनला कोणती सुरक्षा साधनं द्यायची, हे ठरवणारा एखादा कायदा आहे का?

असा एकच कायदा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ डब्ल्यू आणि बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन सेवा हे नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येणारं काम आहे. महाराष्ट्रात त्यासाठी 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' आहे. त्याचा मुख्य भर इमारतींवर आहे. मालकाने किंवा भोगवटादाराने आगप्रतिबंधक यंत्रणा बसवायची, ती चालू स्थितीत ठेवायची आणि परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, तसं प्रमाणपत्र द्यायचं.

जवानाच्या अंगावरच्या साधनांचे नियम तीन ठिकाणी विखुरलेले आहेत. भारतीय मानक ब्युरोची मानकं, हवेच्या सिलिंडरसाठी केंद्राचे गॅस सिलिंडर नियम आणि प्रत्येक दलाच्या खरेदीची तांत्रिक विनिर्देशपत्रं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत १९५५ पासून अग्निशमनविषयक स्थायी सल्लागार मंडळ आहे आणि २०१९ मध्ये केंद्राने राज्यांसाठी नमुना विधेयकही पाठवलं. पण सल्ला आणि नमुना राज्याने स्वीकारला तरच लागू होतो.

सोसायटीच्या जिन्यातल्या अग्निशामक सिलिंडरची तपासणी कायद्याने बांधलेली आहे, आणि त्याच जिन्यातून धुरात वर जाणाऱ्या माणसाच्या कोटाचा दर्जा निविदेतल्या एका ओळीवर अवलंबून आहे. ही उणीव राज्याच्या नियमांतच भरून काढायला हवी, असं आमचं ठाम मत आहे.

२. मग साधनं पुरवायची जबाबदारी कुणाची?

ज्याच्या आस्थापनेवर जवान आहे, त्याची. महापालिकेच्या दलात महापालिका, नगरपरिषदेत नगरपरिषद, औद्योगिक वसाहतींच्या केंद्रांवर एमआयडीसी. राज्याचं अग्निशमन सेवा संचालनालय मार्गदर्शन आणि समन्वय करतं. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन शहरांतल्या जवानांच्या अंगावर वेगवेगळ्या दर्जाचे सूट दिसतात. गोव्यात तसं होत नाही. तिथे गोवा फायर फोर्स अधिनियम, १९८६ खाली संपूर्ण राज्याचं एकच दल आहे आणि खरेदीही एका संचालनालयाकडून होते. कंत्राटी जवानांबद्दल प्रश्न १२ पाहा.

३. पूर्ण संच म्हणजे नेमकं काय काय?

इमारतीच्या आगीत आत जाणाऱ्या जवानाला किमान एवढं लागतं: कोट आणि पँट असा तीन थरांचा फायर सूट, डोकं-मान झाकणारा कापडी हूड, व्हायझरसह हेल्मेट, फायर ग्लोव्हज, पोलादी टोपी आणि तळवा असलेले फायर बूट, बीए सेट म्हणजे पाठीवरचा श्वसनसंच, हालचाल थांबली की आपोआप वाजणारा अलार्म, टॉर्च आणि वॉकीटॉकी.

यातला हूड सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. हेल्मेट, मास्क आणि कॉलर यांच्यामध्ये कानाखाली जी पट्टी उघडी राहते, ती झाकायला दुसरं काहीही नसतं. अलार्मचंही तसंच आहे. अमेरिकी मानकानुसार जवान सुमारे ३० सेकंद निश्चल राहिला की हा अलार्म पूर्ण आवाजात वाजतो, आणि धुरात पडलेला माणूस शोधायला तो आवाजच उपयोगी पडतो.

४. खाकी डांगरी, गमबूट आणि हेल्मेट आहे. एवढं पुरतं का?

आग विझल्यावरचा चिखल उपसायला पुरतं. आत जायला नाही. डांगरी हा गणवेश आहे, संरक्षक पोशाख नाही. त्यात पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर ते साधारण २५० ते २६० अंशांना वितळतं आणि कातडीला चिकटतं. म्हणून सूटच्या आतसुद्धा सुती बनियन आणि सुती कपडेच घालावेत. रबरी गमबूट पाण्यासाठी असतात. खिळ्यासाठी, तापलेल्या पत्र्यासाठी नसतात.

५. फायर सूट एवढा महाग का? जाड कॅनव्हासचा शिवून घेतला तर?

किंमत थरांची असते. बाहेरचा थर अरामिड धाग्याचा, तो वितळत नाही, साधारण ३७० अंशांपुढे कोळसा होऊ लागतो. मधला थर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, पण घामाची वाफ बाहेर सोडतो. आतला थर उष्णता अडवतो आणि थरांमध्ये अडकलेली हवा त्याला मदत करते.

कॅनव्हास ओला झाला की त्यातलं पाणी तापून वाफ होते आणि ती अंगाला भाजते. ज्वाळा न लागताही खांद्यावर, पाठीवर फोड येतात ते यामुळेच. बीए सेटचे पट्टे जिथे सूट दाबतात तिथली हवा निघून जाते, म्हणून चांगल्या सूटला खांद्यावर जादा अस्तर दिलेलं असतं. खरेदीच्या वेळी नमुना हातात घेऊन हेच आधी चाचपून पाहावं.

६. निविदेत कोणतं मानक लिहायचं? आयएस, ईएन की एनएफपीए?

सुरुवात भारतीय मानकापासून करा. अग्निशामकांच्या संरक्षक कपड्यांसाठी आयएस १६८९०, हातमोज्यांसाठी आयएस १६८७४, अधातू हेल्मेटसाठी आयएस २७४५ आणि हवेच्या खुल्या चक्राच्या श्वसनसंचासाठी आयएस १०२४५ चा भाग २. एरवी मानक ऐच्छिक असतं, पण केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला की त्या वस्तूवर आयएसआय चिन्ह सक्तीचं होतं. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या संरक्षक वस्त्रांच्या आदेशात अग्निशामकांचे कपडे आणि हातमोजे येतात. निविदा काढण्याआधी त्या आदेशाची चालू स्थिती बघून घ्या.

आपल्याकडच्या निविदांमध्ये युरोपीय मानकंही सर्रास असतात: सूटसाठी ईएन ४६९, हेल्मेटसाठी ईएन ४४३, हातमोज्यांसाठी ईएन ६५९, बुटांसाठी ईएन १५०९०, बीए सेटसाठी ईएन १३७. अमेरिकी पद्धतीत सूट, हेल्मेट, बूट, हातमोजे हे सगळं अनेक वर्षं एनएफपीए १९७१ या एकाच मानकात होतं.

एक चूक मात्र करू नका. थोडा सूट एका मानकाचा, थोडा दुसऱ्याचा अशी मिसळ लिहू नका. चाचणीच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकड्यांची थेट तुलना होत नाही, आणि पुरवठादार मग दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचलतो. 'किंवा समकक्ष' लिहायचं असेल तर समकक्ष कोण ठरवणार आणि कोणत्या प्रयोगशाळेचा अहवाल चालेल, हेही लिहा.

७. लेबलवर एक्स-२, वाय-२, झेड-२ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

ही ईएन ४६९ ची भाषा आहे. एक्स म्हणजे उष्णतेपासून संरक्षण, वाय म्हणजे पाणी आत न शिरणं, झेड म्हणजे घामाची वाफ बाहेर पडणं. २ हा वरचा दर्जा, १ खालचा. इमारतीच्या आगीत आत जाणाऱ्यासाठी तिन्हींत २ मागा.

आकडा ऐकला की लोक चकित होतात. एक्स-२ साठी ज्वाळेच्या चाचणीत कापडाच्या आतल्या बाजूचं तापमान २४ अंशांनी वाढायला किमान १३ सेकंद लागले पाहिजेत. वेदना जाणवू लागणं आणि भाजणं यांच्यामधलं अंतर मोजणारा दुसरा आकडा आहे, तो किमान ४ सेकंद. म्हणजे ज्वाळेने घेरलं तर सूट जवानाला मागे फिरायला काही सेकंद देतो. ज्वाळेत उभं राहून काम करण्यासाठी तो नाही. नव्या भरतीला सूट हातात देताना हे समजावून सांगायलाच हवं.

झेडकडे कोकणातल्या दलांनी विशेष लक्ष द्यावं. दमट हवेत, सूट आणि बीए सेट मिळून वीस किलोच्या आसपास वजन अंगावर असताना घाम बाहेर पडला नाही, तर आगीच्या आधी उष्माघात गाठतो.

आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो. माल ताब्यात घेताना हे करा, बिल मंजूर झाल्यावर नाही.

८. बीए सेट किती वेळ चालतो? माहितीपत्रकात ४५ मिनिटं लिहिलंय.

ते शांतपणे काम करणाऱ्या माणसाचं गणित आहे. नेहमीचा सिलिंडर ६.८ लिटरचा, ३०० बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेला. ६.८ गुणिले ३०० म्हणजे साधारण २,०४० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर सुमारे ५० मिनिटं निघतात. पण होज ओढत चार मजले चढलेला, घाबरलेला, कुणाला तरी उचलून आणणारा जवान मिनिटाला ८० लिटरसुद्धा ओढतो. मग तोच सिलिंडर २५ मिनिटांत संपतो.

आता हवा संपत आल्याची सूचना देणाऱ्या शिट्टीचं पाहा. ईएन १३७ नुसार दाब ५५ बारच्या आसपास आला की इशारा वाजतो. तेव्हा सिलिंडरमध्ये साधारण ३७० लिटर उरलेले असतात, म्हणजे दमछाक झालेल्या जवानाकडे पाच मिनिटांहून कमी. जो पंधरा मिनिटं आत गेला आहे, तो पाच मिनिटांत बाहेर येत नाही. म्हणून परतीचा हिशेब शिट्टीवर नाही, गेजवर म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर करायचा. आत जाताना किती बार खर्च झाले ते पाहायचं, परतीला तेवढे अधिक राखीव ठेवायचे आणि त्या आकड्यावर मागे वळायचं.

बाहेर टॅली बोर्डावर नाव, आत गेल्याची वेळ आणि दाब लिहिणारा माणूस हवाच. बोर्ड असूनही गडबडीत तो भरला जात नाही, अशी तक्रार आम्हाला सर्वांत जास्त वेळा ऐकू येते.

९. आत किती जणांनी जायचं याचा काही नियम आहे का?

एकट्याने कधीच नाही, हे प्रत्येक दलाच्या ड्रिलमध्ये शिकवलं जातं. अमेरिकेत हे कायद्यातच लिहिलेलं आहे. तिथल्या कामगार सुरक्षा प्रशासनाच्या श्वसनसंरक्षण नियमानुसार, जीवघेण्या हवेत किमान दोघांनी एकत्र आत जायचं आणि किमान दोघांनी बाहेर सज्ज राहायचं. आत अडकलेल्या माणसाचा जीव वाचवायचा असेल तेव्हा मात्र बाहेरची जोडी पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये होती. विषारी वायू असू शकणाऱ्या बंदिस्त जागेत जायचं तर एकतर ती जागा सुरक्षित असल्याचं लेखी प्रमाणपत्र हवं, नाहीतर माणसाने श्वसनसंच घातलेला हवा आणि पट्ट्याला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं.

१०. धूर कमी असेल तर फिल्टरचा मास्क किंवा ओला रुमाल चालेल का?

चालणार नाही. फिल्टर हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. बंद खोलीतल्या आगीने ऑक्सिजन आधीच खाल्लेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, साधा फिल्टर तो अडवत नाही. आग विझल्यानंतर राख उलथताना मास्क काढायची सवय तर फारच वाईट, कारण विझत्या, धुमसत्या वस्तूंमधूनच हा वायू जास्त निघतो. मॅनहोल आणि विहिरींनाही हेच लागू आहे. आत पडलेल्याला काढायला रुमाल बांधून उतरलेला दुसरा माणूस तिथेच कोसळतो.

दाढीबद्दलही सतत विचारणा होते, म्हणून इथेच सांगतो. मास्कची रबरी कड जिथे टेकते तिथे केस असले की फट राहते आणि हवा वाया जाते. संचात आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असल्याने धूर सहसा आत येत नाही, पण सिलिंडर मात्र लवकर संपतो. हनुवटीवर, गालांवर केस नकोत. मिशी मास्कच्या कडेच्या आत राहणार असेल तर हरकत नाही.

११. सिलिंडरची चाचणी कुणाकडून आणि केव्हा?

हवेचा सिलिंडर हा उच्च दाबाचा सिलिंडर असल्याने तो गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतो. हे नियम पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना) ही केंद्रीय संस्था राबवते, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. सिलिंडर पेसोने मान्य केलेला असावा लागतो आणि ठरावीक मुदतीने मान्यताप्राप्त केंद्रात पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी लागते. चाचणीची तारीख सिलिंडरवरच असते. ती उलटली असेल तर सिलिंडर भरायचा नाही, मग तो बाहेरून कितीही नवा दिसो. अनेक कार्बन कंपोझिट सिलिंडरांचं एकूण आयुष्य १५ वर्षं ठरवलेलं असतं.

१२. कारखान्यातल्या किंवा कंत्राटावरच्या फायरमनला हे सगळं लागू आहे का?

आग कंत्राट बघत नाही, त्यामुळे लागणारी साधनं तीच. नियम मात्र वेगळ्या कायद्यांतून येतात. कारखान्यांसाठीच्या तरतुदी आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० मध्ये आल्या आहेत. कारखाने अधिनियमासह १३ केंद्रीय कायदे तिच्यात एकत्र केले आहेत. तेल शुद्धीकरण कारखाने, तेलडेपो यांच्यासाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं ओआयएसडी-१५५ हे वैयक्तिक संरक्षक साधनांचं स्वतंत्र मानक आहे.

कंत्राटी जवानाने रुजू होताना एवढं लेखी विचारावं: सूट माझ्या मापाचा आणि माझ्याच नावावर आहे का, की पाळीत एकमेकांचा घालायचा? मास्कचं माप तपासलं का? महिला जवानांच्या बाबतीत मापाचा प्रश्न जास्तच बोचतो. पुरुषांच्या मापाचा कोट सैल राहिला की बाह्या-कमरेशी फटी पडतात, आणि मोठ्या हातमोज्यात ब्रांच म्हणजे होजच्या टोकाची नळी धरता येत नाही.

१३. विमानतळावरचे जवान चंदेरी सूट घालतात. तो जास्त चांगला का?

वेगळ्या कामाचा. तो ॲल्युमिनियमच्या लेपाचा प्रॉक्सिमिटी सूट. जळत्या इंधनाची प्रारणित उष्णता परतवायला तो उत्तम, पण जड आणि अवघड. इमारतीच्या अरुंद जिन्यात तो घालू नये. पेटत्या ज्वाळेत शिरण्यासाठीचा एंट्री सूट त्याहून निराळा आणि क्वचित लागणारा.

१४. सूट किती वर्षं वापरायचा आणि धुवायचा कसा?

निगराणीसाठीचं अमेरिकी मानक एनएफपीए १८५१ सांगतं की सूट, हेल्मेट, बूट हे उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांनी बाद करायचे, एकदाही आगीत गेले नसले तरी. भारतात ते बंधनकारक नाही, पण निविदेत आणि भांडार नोंदवहीत हीच मर्यादा लिहून ठेवावी. खरेदीची नाही, उत्पादनाची तारीख धरा. गोदामात तीन वर्षं पडलेला सूट नवा नसतो.

धुण्याबद्दल अधिक बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामातला संपर्क पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या गटात टाकला. काजळी सूटमध्ये मुरते आणि घामाने ओल्या झालेल्या कातडीतून शरीरात जाते. काळवंडलेला कोट मर्दुमकीची खूण मानायची पद्धत त्यामुळे सोडूनच द्यायला हवी.

आगीच्या जागेवरच पाणी मारून आणि ब्रशने घासून वरची काजळी काढा. मास्क शेवटी उतरवा. सूट पिशवीत बंद करून न्या, बंबाच्या केबिनमध्ये सोबत घेऊन बसू नका. घरी तर मुळीच नेऊ नका, कारण घरच्या मशिनमध्ये ती काजळी मुलांच्या कपड्यांना लागते. धुताना कोट आणि अस्तर वेगळं करा, सौम्य साबण वापरा, क्लोरीन ब्लीच नको. आणि वाळवताना उन्हात घालू नका. आपल्याकडे स्टेशनच्या गच्चीवर सूट उन्हात टाकायची सवय आहे, पण अतिनील किरणांनी अरामिड धागा कमजोर होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. हे जमायचं तर प्रत्येक जवानाला दोन सूट लागतात, आणि तशी मागणी करणं गैर नाही.

१५. पुराची वर्दी म्हणजे मदतीचा कॉल आला तर फायर सूट घालायचा का?

अजिबात नाही. सूट पाणी पितो, बूट भरतात आणि चांगला पोहणाराही खाली ओढला जातो. पुरात लाइफ जॅकेट, हलकं हेल्मेट, पायात घट्ट बसणारे बूट आणि दोर. कोल्हापूर-सांगलीकडच्या दलांनी तरी पुराचा संच वेगळा मंजूर करून घ्यावा.

१६. साधनं नसताना आत जायचा हुकूम मिळाला तर नकार देता येतो का?

सगळ्यात अवघड प्रश्न. राज्याच्या अधिनियमात जवानाला असा स्पष्ट हक्क देणारं कलम नाही आणि दल शिस्तीवर चालतं. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर प्रकरणात कामगाराचं आरोग्य हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

घटनास्थळी वाद घालण्याची वेळ नसते, म्हणून जे करायचं ते आधी करावं. पाळी सुरू होताना साधनं तपासा. बीए सेट नादुरुस्त असेल तर स्टेशनच्या नोंदवहीत तारीख-वेळेसह लिहा आणि त्याची प्रत ठेवा. बीए सेट नाही हे अधिकाऱ्याला वॉकीटॉकीवर स्पष्ट सांगा, म्हणजे तो बाहेरून मारा करायचं ठरवू शकतो. तसं ठरवणारा अधिकारी योग्यच निर्णय घेत असतो.

१७. सगळी साधनं असली तरी जवान का दगावतात?

साधनं उष्णता आणि धूर रोखतात, कोसळती इमारत रोखू शकत नाहीत. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग विझवताना इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी गेले. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन पाळतात. जुन्या लाकडी इमारतींत आत किती वेळ थांबायचं, हा निर्णय सूटच्या दर्जावर घ्यायचा नसतो.

१८. आमच्या नगरपरिषदेकडे पैसेच नाहीत असं सांगतात. निधी कुठून मिळेल?

केंद्राने २०२३ मध्ये राज्यांतल्या अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. बहुतेक राज्यांना त्यात २५ टक्के वाटा उचलावा लागतो. प्रस्ताव राज्यामार्फत जातो, त्यामुळे नगरपरिषदेने आपली मागणी संचालनालयाकडे लेखी पोचवायला हवी. बंबाचं लोकार्पण होतं, फोटो छापून येतो, म्हणून पैसा गाडीकडे आधी वळतो. नगरसेवकांना आमची कळकळीची विनंती आहे, गाडीच्या प्रस्तावातच तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येकाचा पूर्ण संच धरा.

१९. आमच्या गावच्या दलाकडे काय आहे, हे सामान्य माणसाला कसं कळेल?

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'साधनं पुरेशी आहेत का' असं विचारू नका, उत्तर 'होय' येईल. नोंदी मागा: मंजूर आणि प्रत्यक्ष जवानांची संख्या, चालू स्थितीतल्या बीए सेटची संख्या, प्रत्येक सिलिंडरच्या शेवटच्या दाबचाचणीची तारीख, प्रत्येक सूटचं मानक आणि उत्पादनाची तारीख, शेवटच्या खरेदीच्या विनिर्देशपत्राची आणि चाचणी अहवालाची प्रत. तारखा हातात आल्या की प्रश्न ११ आणि १४ मधल्या मुदतींशी ताडून बघा आणि तो कागद घेऊन मुख्याधिकाऱ्यांना किंवा आयुक्तांना भेटा.